मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी फांदी

ताई, नमस्कार. माझ्याकडे सहा वर्षांपासून कुंडीत असलेला एक फायकस (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) आहे, त्याचं बोन्साय करते आहे. गेल्या वर्षी त्याच्या बारीक फांद्यांना तार बांधली, हव्या तशा वळल्या. दोन महिन्यांनी तार काढली तर त्यातल्या निम्म्या आठवड्याभरात पुन्हा होत्या तशा सरळ. म्हणून पुढच्या खेपेला तार मुद्दाम जास्त दिवस ठेवली, तर ती सालीत रुतली आणि आता फांदीवर गोल गोल चरे आहेत. उजवीकडची खालची फांदी तेव्हा राहूनच गेली होती, ती आता पेन्सिलीएवढी जाड झाली आहे. परवा तिला तार बांधून खाली वाकवायला गेले तर काडकन आवाज आला, वरच्या अंगाला चीर पडली आणि चीक वाहायला लागला. बोगनवेलीची एक फांदी तर हातातच आली. फायकसचीच वरची अंगठ्याएवढी फांदी छाटली होती, तिथे एका जागी दहा-बारा फुटवे आलेत, खराट्यासारखे. आता एक जुनिपर आणला आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, ‘बिनधास्त छाटा, फायकससारखाच फुटेल.’ मला मात्र आता कात्री हातात घ्यायचीच भीती वाटते. फांदी जून झाली की नेमकं काय होतं? छाटायचं कधी आणि तार कधी बांधायची?
ता. क. काढलेली तार सरळ करून पुन्हा वापरली तर चालते का?

* * *

आधी जुनिपरवरची कात्री खाली ठेवा. कारण पुढे सांगते, पण हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचण्याआधी त्या गृहस्थांचा सल्ला अमलात आला नसला म्हणजे मिळवली.

मग ती चीर. फांदीचा निम्मा घेर तरी सलग सालीचा राहिला असेल, तर ती जगण्याची शक्यता चांगली आहे. बाक थोडा सैल करा, म्हणजे चिरेचे दोन ओठ एकमेकांना टेकतील. चीक ओल्या फडक्याने टिपून घ्या. वरून कलमाची पट्टी किंवा भिजवलेला राफिया (ताडाच्या जातीच्या झाडाचा चिवट धागा) घट्ट गुंडाळा आणि वाढीचा हा अख्खा हंगाम त्या फांदीला हात लावू नका. ‘सांधली का’ म्हणून पट्टी सोडून बघायचा मोह होतो, तो टाळा. पानं टवटवीत राहिली आणि शेंड्याला नवीन पालवी दिसली की समजायचं, आत सांधायचं काम सुरू आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. कोवळा धुमारा ताठ उभा असतो तो पाण्याच्या जोरावर. प्रत्येक पेशी पाण्याने तट्ट फुगलेली असते. पाणी कमी पडलं की तोच धुमारा मान टाकतो, कारण त्याच्यात लाकूड असं काही नसतंच. पुढे सालीच्या आतला कँबियमचा थर कामाला लागतो. हा थर डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ, पण झाडाची सगळी जाडी त्याच्यातूनच येते. आतल्या बाजूला तो पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या बनवतो, बाहेरच्या बाजूला पानांतलं अन्न खाली आणणाऱ्या रसवाहिन्या. आतल्या या पेशींच्या भिंतींत लिग्निन नावाचं कडक द्रव्य भरलं जातं. भिंतीत सेल्युलोजचे धागे आधीपासून असतात, ते ताण सोसतात. लिग्निन त्या धाग्यांना एकमेकांवरून सरकू देत नाही. वाकणं म्हणजे धागे थोडे थोडे सरकणंच, त्यामुळे लिग्निन जितकं भरलं तितकी फांदी ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणायला लागते.

पण सगळा दोष लिग्निनचा नाही, जाडीचाही आहे, आणि तो अर्धा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गोल दांडीची जाडी दुप्पट झाली की तिला वाकवायला लागणारा जोर दुप्पट होत नाही, सोळापट होतो. गेल्या वर्षीची 3 मिलिमीटरची फांदी यंदा 6 मिलिमीटरची झाली, तर आतलं लाकूड अगदी तसंच कोवळं राहिलं असतं तरी ती सोळापट हट्टी झाली असती. शिवाय बाकाच्या बाहेरच्या अंगाची ओढाताण वाढते ती वेगळीच. 3 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणात 3 मिलिमीटरच्या फांदीची बाहेरची बाजू साधारण 5 टक्के ताणली जाते, तर त्याच वळणात 10 मिलिमीटरच्या फांदीची 16-17 टक्के. कुठलंही जून लाकूड इतकं ताणलं जात नाही, ते फाटतं. तुमची चीर वरच्या अंगाला पडली ती म्हणूनच: फांदी खाली वाकत होती, ताण वर येत होता.

यातून कामाची गोष्ट अशी निघते की जाड फांदीला मोठं, लांबट वळणच द्यायचं. आणि तार बांधताना बाकाच्या जागी तिचा वेढा बाहेरच्या अंगाला येईल असं बघायचं. मग जिथे धागे फाटायला बघतात तिथे तारेचा आधार असतो. वेढे जागेवर नसतील तर सोडून पुन्हा बांधा, कंटाळा करू नका.

फांदी जून झाली की नाही हे ओळखायला वर्षं मोजून चालत नाही. एकाच फांदीत तीन वयं असतात, बुडाशी जून, मधे निबर होत आलेली आणि शेंड्याला कोवळी. बोटांनी बुडापासून शेंड्यापर्यंत हलका दाब देत जा. जिथे ती तारेसारखी उसळी मारून परत येते तिथे लाकूड धरलं आहे. जिथे वाकून जरा आळसावून परत येते ती मधली अवस्था, आणि जिथे नुसती लवते ती कोवळी. रंगही सांगतो. हिरवा जाऊन तपकिरी किंवा करडा यायला लागला, सालीवर बारीक ठिपके उठले की आत लिग्निन भरायला लागलं असं समजा. मी हे रोज करते, झाडाशी बोलल्यासारखं. घरच्यांना गंमत वाटते, वाटू दे.

तार बांधायला ती मधली अवस्था सगळ्यात चांगली. अगदी कोवळ्या धुमाऱ्याला तार बांधली तर वेढा देतानाच तो चेंगरतो, डोळे (नवे फुटवे जिथून येतात ते कोंब) खुडले जातात, आणि दिलेलं वळण तो पुढच्या वाढीत विसरूनही जातो. पूर्ण जून झाल्यावर काय होतं ते तुम्ही ऐकलंच, काडकन. मधे काही आठवड्यांचा काळ असतो, जेव्हा फांदी आकार घेण्याइतकी मऊ असते आणि तो टिकवण्याइतकी घट्ट. जोमात वाढणाऱ्या फायकसवर हा काळ पटकन सरतो, म्हणून नवीन फुटवे धरले की दर आठवड्याला बोटं फिरवायची.

आता तार काढल्यावर निम्म्या फांद्या सरळ का झाल्या? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं आहे हे. तुम्ही फांदी वाकवलीत म्हणून आतल्या जुन्या लाकडाने आपली सरळ जागा सोडलेली नसते. ते ताणलेल्या धनुष्यासारखं परत जायला टपून असतं. फांदी नव्या जागी राहते ती त्या जुन्या लाकडावर बाकलेल्या अवस्थेत नवीन लाकडाचा थर चढतो म्हणून. नवा थर त्या आकारातच जन्मलेला असतो, तो जुन्याला धरून ठेवतो. मगाचाच हिशोब इथे उलटा आपल्या बाजूने येतो. जाडी फक्त एक दशांशाने वाढली तरी फांदीचा कणखरपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण बाहेरचा थर सगळ्यात जास्त जोर धरतो. म्हणजे फांदी बसायला फार मोठी वाढ लागत नाही, पण थोडी तरी लागतेच.

मेख अशी की जाडी वाढल्याशिवाय फांदी बसत नाही, आणि जाडी वाढली की तार रुतते. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच सुमाराला होतात. ‘तार किती महिने ठेवायची’ याला म्हणूनच उत्तर नाही. तुमच्या पहिल्या खेपेला दोन महिने कमी पडले, कारण बहुधा त्या काळात झाड फारसं वाढलं नाही. दुसऱ्या खेपेला जास्त झाले, कारण ते भराभर वाढलं. जोमाच्या हंगामात फायकसची बारीक फांदी दीड-दोन महिन्यांत बसते. जुनिपरला एक अख्खा हंगाम, कधी त्याहून जास्त लागतो. वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी तारेखाली बघा. साल तारेच्या दोन्ही कडांना जरा फुगलेली दिसली, तार किंचित दबल्यासारखी वाटली की त्याच दिवशी काढा. फांदी परत फिरली तर जरा वेगळ्या जागी वेढे देत पुन्हा बांधा. दोनदा-तीनदा बांधावी लागणं यात कमीपणा काही नाही. जून फांदीला तर बहुतेक वेळा तसंच करावं लागतं, कारण तिच्या जाड गाभ्यापुढे एका हंगामाचा नवा थर पातळच पडतो.

जे चरे पडलेत ते फायकसवर दोन-तीन वर्षांच्या वाढीत बरेचसे भरून निघतील. त्या खाचेतून पुन्हा तार नेऊ नका, एवढंच.

फांदी परत वर उठण्याचं आणखी एक कारण आहे, ते मला फार आवडतं. वाकवलेली फांदी झाडाला कळते. रुंद पानांची झाडं अशा फांदीच्या वरच्या अंगाला खास ताणाचं लाकूड बनवतात, ते आखडून फांदीला वर खेचतं. जुनिपर-पाइनसारखी सूचिपर्णी झाडं उलटं करतात, खालच्या अंगाला दाबाचं लाकूड बनवून फांदीला खालून रेटा देतात. फायकसच्या पारंब्या जमिनीला टेकून रुजल्या की हळूहळू दोरीसारख्या ताणून ताठ होतात, तेही याच ताणाच्या लाकडामुळे. तेव्हा खाली ओढलेली फांदी तुम्हाला हवी त्यापेक्षा जरा जास्तच खाली ओढा. झाड आपला वाटा परत घेणारच आहे.

तार किती जाड घ्यायची? ॲल्युमिनियमची असेल तर फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. तुमच्या पेन्सिलीएवढ्या फांदीला अडीच मिलिमीटरची तार लागली असती. भाजून मऊ केलेली तांब्याची तार त्याहून बारीक चालते, कारण ती वाकवताना स्वतःच कडक होत जाते. म्हणून जुनिपर-पाइनसारख्या हट्टी झाडांना तांबं आणि पातळ सालीच्या फायकसला ॲल्युमिनियम, असा रिवाज आहे. वेढे 45 अंशाच्या आसपास. फार जवळजवळ घेतले तर स्प्रिंग होते आणि धरत नाही, फार लांब घेतले तर मधेच फांदी मोडते. एका तारेने शेजारच्या दोन फांद्या बांधा, म्हणजे एक दुसरीला टेकू देते. वाकवायच्या आदल्या दिवशी पाणी द्यायचं टाळा. तट्ट भरलेल्या फांदीपेक्षा किंचित तहानलेली फांदी जास्त ऐकते. आणि कुंडी बदलून महिना झाला नसेल तर तारेचं नावही काढू नका.

जोमाच्या हंगामात जाड फांदी पिळून वाकवू नका, हेही सांगून ठेवते. त्या दिवसांत कँबियम ओलं आणि नाजूक असतं, पीळ दिला की साल लाकडापासून सुटते. बाहेरून काही दिसत नाही, पंधरा दिवसांनी फांदी वाळते आणि आपण पाण्याला दोष देत बसतो.

आता असं वाटेल की मग सगळ्या फांद्या कोवळ्या असतानाच वळवाव्यात आणि खुडून खुडून कोवळ्याच ठेवाव्यात. मी हेच केलं होतं. माझ्या पहिल्या फायकसची सगळ्यात खालची फांदी मी चार वर्षं नेमाने खुडत राहिले, सुंदर पसरट ठेवली. वरचं झाड वाढत गेलं, खोड मनगटाएवढं झालं, आणि ती फांदी राहिली काडीएवढी. आजोबांच्या सदऱ्यातून बालवाडीतल्या मुलाचा हात निघाल्यासारखं ते दिसायचं. फांदी जाड होते ती तिच्या स्वतःच्या पानांवर. पानं काढत राहिलो तर लाकूड येणार कुठून?

म्हणजे जून होणं हा शत्रू नाहीच, ते हवंच आहे, फक्त त्याच्या आधी वळण दिलेलं असायला हवं. मधल्या अवस्थेत तार बांधायची, खोडाजवळचं पहिलं वळण पक्कं करायचं (तेच पुढे सगळ्यात आधी लाकूड धरतं आणि कधीच बदलत नाही), तार काढायची, आणि मग त्या फांदीचा शेंडा मोकळा सोडून द्यायचा. हात-दीड हात वाढू दे, झाड विद्रूप दिसू दे. जाडी मनासारखी आली की शेंडा परत कापून घ्यायचा. हा बेंगरूळपणा सहन करणं हेच बोन्सायमधलं सगळ्यात अवघड काम आहे असं माझं मत आहे, तार बांधणं त्यापुढे काहीच नाही.

छाटणीकडे येते. कोवळा शेंडा खुडणं आणि जून फांदी कापणं या दोन क्रियांना आपण एकच शब्द वापरतो, पण झाडाच्या लेखी त्या अगदी निराळ्या आहेत. शेंडा ऑक्झिन नावाचं द्रव्य खाली पाठवत असतो, त्याने खालचे डोळे दबून राहतात. पाच-सहा पानांचा कोवळा धुमारा दोन पानांवर खुडला की त्या दोन पानांच्या बगलेतले डोळे जागे होतात, दोन बारीक, जवळ-जवळ पेरांचे धुमारे येतात, आणि जखमेचा मागमूस राहत नाही. बारीक फांद्यांची जाळी अशीच तयार होते.

अंगठ्याएवढी फांदी कापली की गोष्ट वेगळी होते. मुळं तेवढीच आहेत, त्यांचा जोर तेवढाच आहे, पण वरची पानं एका फटक्यात गेली. जून सालीखाली वर्षानुवर्षं निद्रिस्त असलेले डोळे कापाच्या कडेने एकदम जागे होतात आणि मिळेल तो रस ओढून सरळ वर धावतात, लांब लांब पेरं टाकत. तोच तुमचा खराटा. त्यातले दोन ठेवा, एक ज्या दिशेला फांदी हवी आहे तिकडचा आणि दुसरा राखीव म्हणून. बाकीचे अंगठ्याने चोळून आजच काढून टाका. ते सगळे राहिले तर सगळेच जून होतील, ती जागा गाठीसारखी फुगेल आणि खोड खाली बारीक वर जाड दिसायला लागेल. हा दोष एकदा बसला की करवतीशिवाय जात नाही. आणि ठेवलेल्या दोन फुटव्यांवर लक्ष ठेवा, असे जोमदार फुटवे इतर फांद्यांपेक्षा लवकर निबर होतात. या पत्रातली तुमची सगळ्यात निकडीची तार तिथे आहे, चिरलेल्या फांदीवर नाही.

जून फांदीचा काप भरून येतो म्हणतो आपण, पण खरं तर तो भरत नाही, झाकला जातो. ॲलेक्स शायगो हे अमेरिकेच्या वनखात्यातले वृक्षरोगतज्ज्ञ. त्यांनी असंख्य झाडं चेनसॉने उभी चिरून बघितली आणि 1977 साली मांडलं की झाड जखमी लाकूड दुरुस्त करत नाही, ते त्याच्याभोवती भिंती उभ्या करून त्याला बंदिस्त करतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. आपल्याला याचा अर्थ एवढाच की प्रत्येक जून काप झाडाच्या पोटात कायमचा राहतो, म्हणून तो विचार करून घ्यायचा. अवतल कात्रीने जरासा खोलगट काप घ्या, म्हणजे कडेने येणारा नव्या सालीचा वळ खोडाच्या पातळीला मिळतो, वर टेंगूळ राहत नाही. हा वळ कँबियममधूनच येतो. म्हणून कापाची कड धारदार कात्रीने स्वच्छ करायची, चेंगरलेली ठेवायची नाही, आणि लगेच मलम लावायचं. जवळपास एखादा जिवंत फुटवा असला तर काप फार लवकर झाकला जातो, रस तिकडे ओढला जातो म्हणून.

आणि आता तो जुनिपर. फायकसचं जून लाकूड कुठेही कापलं तरी सालीखाली निद्रिस्त डोळे असतात. जुनिपरच्या उघड्या, तपकिरी, बिनपानाच्या फांदीवर तसे डोळे असण्याची आशा धरू नका. हिरवा भाग सगळा कापून काढला की ती फांदी मेली, पुन्हा फुटत नाही. प्रत्येक फांदीवर हिरवं राखूनच कापायचं आणि एका वेळी थोडंच कापायचं. पाइनचंही बरंचसं असंच. सूचिपर्णींमध्ये यू हे झाड मात्र अपवाद, ते जुन्या लाकडावर आनंदाने फुटतं. पण जुनिपरचा एक गुण असा की वाकण्याच्या बाबतीत तो फायकसपेक्षा कितीतरी उदार आहे. बऱ्यापैकी जून झालेली फांदीही सावकाश, राफिया गुंडाळून, वळवता येते. फायकसच्या जून लाकडाला कात्री चालते पण तार चालत नाही, जुनिपरच्या जून लाकडाला तार चालते पण कात्री नाही. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना हे एकदा सांगा. आणि जुनिपरची एखादी फांदी गेलीच तर बुडाशी कापून टाकू नका. साल सोलून तिचं वठलेलं पांढरं लाकूड ठेवतात, जपानी भाषेत त्याला जिन म्हणतात, आणि जुनिपरवर ते शोभतं.

बोगनवेल हा स्वभावच वेगळा. तिच्या लाकडात एकामागून एक नवे कँबियम तयार होत जातात, लाकडात मधेमधे मऊ पट्टे राहतात. जून झाली की ती ठिसूळ असते, कापलेली मोठी जखम झाकली नाही तर आतपर्यंत कुजते. तिच्यावर तार फक्त हिरवट-तपकिरी धुमाऱ्यांना. बाकी सगळं कात्रीने. मॅपलही जून झाला की असाच काडकन जातो. अझेलिया तर बेचक्यातच फाटते.

हे ‘बाकी सगळं कात्रीने’ म्हणजे नुसती तडजोड समजू नका. चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतात लिंगनान शैलीची झाडं मुख्यतः याच रीतीने घडवली जातात. फांदी मोकळी वाढू द्यायची, बुडाशी हवी तेवढी जाड झाली की हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर कापायची, मग तिथून निघालेली पुढची फांदी वाढू द्यायची आणि ती आधीच्यापेक्षा जरा बारीक असतानाच पुन्हा कापायची. प्रत्येक कापाला दिशा बदलते, प्रत्येक टप्प्याला जाडी कमी होत जाते. तारेने आलेलं वळण गोलाईदार असतं, कापाने आलेलं कोनदार, आणि लाकूड जून असणं इथे अडचण नसून भांडवल असतं. वेळ मात्र वर्षांत मोजायचा.

तुमची चिरलेली उजवी फांदी मी तारेने खाली आणणार नाही, सांधल्यावरसुद्धा. जाड फांद्या वाकवायचे उपाय आहेत. खालून पाचर कापून काढतात, फांदी उभी चिरून राफिया गुंडाळतात, लोखंडी पकडीने रोज थोडी थोडी दाबतात, किंवा ताणाची दोरी कुंडीला बांधून महिनोन्‌महिने ओढत ठेवतात. यातला दोरीचा उपाय तेवढा तुम्ही बेलाशक करून बघा, पण निरोगी फांदीवर. या फांदीला एक हंगाम विश्रांती द्या. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला ती चिरेच्या अलीकडे, खोडापासून दोन-तीन बोटांवर, कापा. फायकस आहे, फुटणारच. त्यातला खालच्या अंगाचा एक फुटवा ठेवा आणि तो हिरव्याचा तपकिरी व्हायला लागला की तार बांधा. आजच्या पेन्सिलीएवढ्या बुडावर तो नवा फुटवा बसलेला असेल, म्हणजे जाडी आयती मिळालेली आणि वळण मात्र नव्याने.

ता. क. चं उत्तर. तार उलगडून काढायची सवय असेल तर ती सोडा. उलगडताना बारीक फांद्या मुरगळतात, डोळे झडतात, आणि जून फांदी असेल तर ऐन शेवटच्या वेढ्याला मोडते. तार कापायच्या छोट्या पकडीने प्रत्येक वेढा तुकड्या-तुकड्याने कापून काढा. त्यामुळे पुन्हा वापरायला फारसं काही उरतच नाही. सलग निघालेला एखादा ॲल्युमिनियमचा तुकडा सरळ करून ताणाच्या दोऱ्या अडकवायला वापरा, फांदीवर नको, त्याचे जुने बाक नव्या वेढ्यात खडबडीत बसतात. तांब्याची तार एकदा वाकली की कडक झालेली असते. ती लालसर होईपर्यंत तापवली तर पुन्हा मऊ होते, पण तो उद्योग भरपूर तार साठल्यावरच करा.